कृत्रिम पापण्या : लावण्याआधी काढायला शिका

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि दवाखान्यात डोळ्यांच्या तक्रारींत दरवर्षी ठरावीक भर पडते. कोणाची वरची पापणी सुजून डोळा अर्धा झाकलेला असतो. कोणाच्या डोळ्यांतून पाणी थांबत नाही. कोणी पापणीचे केस मधूनच गळाले म्हणून डोळ्यांवर गॉगल लावून येते. चौकशी केली की उत्तर बहुधा एकच मिळते, "लग्नात खोट्या पापण्या लावल्या होत्या." त्यापुढचे वाक्यही ठरलेले असते, "पण लावताना काहीच त्रास झाला नव्हता हो!"

हे खरेच आहे. लावताना सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो लावल्यानंतर काही तासांनी, आणि सर्वांत जास्त होतो तो काढताना. तरीही पापण्या कशा लावाव्यात हे मैत्रिणी, बहिणी, पार्लरवाल्या ताई सगळ्या सांगतात. काढायच्या कशा हे कोणी सांगत नाही. एका वाचक भगिनीने पत्र लिहून विचारले आहे की, धाकट्या नणंदेच्या लग्नात घरच्या घरी कृत्रिम पापण्या लावायच्या आहेत, पूर्वी कधी लावलेल्या नाहीत, डोळ्यांना अपाय होईल का? त्यांच्या निमित्ताने हा विषय आज सविस्तर घेत आहोत. "असल्या भानगडीत पडूच नका" असे सांगणे डॉक्टरला सोपे असते, पण त्याने कोणाचा फायदा होत नाही. ज्या वस्तू तालुक्याच्या गावी कटलरीच्या दुकानात टिकल्या-बांगड्यांच्या शेजारी टांगलेल्या असतात, त्या घरात येणारच. मग त्या नीट वापरायला शिकलेले बरे.

मराठीत डोळ्यावरच्या कातडीच्या पडद्यालाही पापणी म्हणतात आणि तिच्या केसांनाही. म्हणून या लेखात पडद्याला पापणी, आपल्या केसांना पापणीचे केस आणि दुकानातल्या वस्तूला नुसते पट्टी म्हणू, म्हणजे घोटाळा व्हायचा नाही.

हे केस असतात कशासाठी?

वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला त्याहून कमी. लांबी साधारण ८ ते १२ मिलिमीटर. डोक्याचे केस वर्षानुवर्षे वाढत राहतात, पण पापणीचा केस महिना-दीड महिना वाढतो, मग थांबतो आणि काही आठवड्यांनी आपोआप गळून पडतो. गळलेला केस मुठीवर ठेवून, इच्छा मनात धरून फुंकर मारण्याचा खेळ लहानपणी आपण सर्वांनी खेळला आहे. म्हणजे रोज एखाददुसरा केस गळणे हे नैसर्गिकच आहे, त्याची धास्ती घेऊ नये.

या केसांचे काम धूळ अडवणे आणि धोक्याची सूचना देणे हे आहे. चिलट नुसते केसाला लागले तरी डोळा मिटतो, कारण प्रत्येक केसाच्या मुळाशी संवेदना पोचवणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे असते. अमेरिकेतील जॉर्जिया येथील शास्त्रज्ञांनी २०१५ साली आणखी एक मौजेची गोष्ट दाखवून दिली. त्यांनी २२ प्रकारच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, तेव्हा केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश असल्याचे आढळले. एवढ्या लांबीचे केस वारा डोळ्यावरून दूर वळवतात, त्यामुळे डोळ्यातील ओलावा लवकर सुकत नाही. केस याहून फार लांब झाले तर उलटे होते. ते वारा डोळ्याकडेच ओढून आणतात आणि डोळा कोरडा पडू लागतो.

पट्टी विकत घेताना हे लक्षात ठेवावे. आपल्या डोळ्याची रुंदी साधारण ३० मिलिमीटर धरली तर १० मिलिमीटरच्या आसपासचे केस डोळ्याला मानवतात. पाकिटावरच्या चित्रातील गालापर्यंत पोचणाऱ्या दाट झालरी रंगमंचासाठी असतात. लावणी किंवा भरतनाट्यम पाहणारा प्रेक्षक वीस-तीस फुटांवर बसलेला असतो, त्याला डोळे दिसावेत म्हणून त्या तशा केलेल्या असतात. हळदी-कुंकवाला समोरची बाई दोन फुटांवर असते. पहिल्यांदा लावणाऱ्या स्त्रीने पातळ, आखूड आणि ज्याची कड दोऱ्यासारखी मऊ आहे अशीच पट्टी घ्यावी. जाड, ताठ कडेची पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यात टोचत राहते.

खरे भांडण डिंकाशी

पट्टीचे केस बहुधा प्लॅस्टिकच्या धाग्याचे असतात. ते स्वतः फारसा उपद्रव करत नाहीत. बहुतेक उपद्रव ती चिकटवणाऱ्या डिंकाचा असतो.

ही आजची गोष्ट नाही. कॅनडातील ॲना टेलर यांनी १९११ साली अमेरिकेत कृत्रिम पापण्यांचे पेटंट घेतले. पुढे १९१६ च्या 'इन्टॉलरन्स' या मूकपटासाठी डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकाला सीना ओवेन या नटीचे डोळे फार मोठे दिसायला हवे होते. तेव्हा टोप बनवणाऱ्या कारागिराने तलम जाळीवर माणसाचे केस विणून पट्ट्या केल्या आणि त्या स्पिरिट गमने चिकटवल्या. एके दिवशी ही नटी चित्रीकरणाला आली ती डोळे जवळजवळ मिटण्याइतके सुजलेले घेऊनच, अशी आठवण लिलियन गिश या अभिनेत्रीने लिहून ठेवली आहे. स्पिरिट गम आपल्याकडे नाटकाच्या रंगपटात दाढी-मिशा चिकटवायला वापरतात. गालाची कातडी तो सहन करते. पापणीची कातडी शरीरातील सर्वांत पातळ कातड्यांपैकी, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, ती सहन करत नाही. हौशी नाट्यमंडळातील मुलींनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

घरी लावायच्या पट्टीचा डिंक बहुतेक वेळा रबराच्या चिकापासून, म्हणजे लॅटेक्सपासून केलेला असतो. फुगा फुगवल्यावर ज्यांचे ओठ खाजतात किंवा रबरी हातमोजे घातल्यावर हाताला पुरळ येते, त्यांना हा डिंक चालणार नाही. त्यांनी लॅटेक्सविरहित असे स्पष्ट छापलेली नळीच घ्यावी. नळीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख नसेल तर ती स्वस्त असो वा महाग, दुकानदाराला परत करावी. पट्टीच्या पाकिटातच चिमुकली नळी फुकट मिळते, तिच्यावर पुष्कळदा यातले काहीच छापलेले नसते. अशी नळी सरळ केरात टाकावी आणि डिंक वेगळा, चांगला घ्यावा.

दुसरी सूचना जरा दरडावूनच करायला हवी. चपला, खेळणी, फुटकी प्लॅस्टिकची भांडी चिकटवण्याचा जो झटपट डिंक घरोघरी असतो, तो डोळ्याजवळ कदापि आणू नये. डिंक संपला म्हणून ऐन वेळी "थेंबभर लावून पाहू" म्हणणाऱ्या मुली असतात, म्हणून हे लिहावे लागते. नखे चिकटवायचा डिंकही त्याच जातीचा. त्याची बाटली डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीसारखी दिसते आणि चुकून ती डोळ्यात ओतली गेल्याचे प्रकार जगभर घडत असतात. या दोन बाटल्या एका कपाटात ठेवू नयेत.

आठ दिवस आधी

लग्नाच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा पट्टी लावणे म्हणजे परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडणे. निदान आठ दिवस आधी सुरुवात करावी.

प्रथम डिंकाची चाचणी. कोपराच्या आतल्या बाजूला, घडी पडते तिथे, हरभऱ्याएवढा डिंक लावावा आणि दिवसभर राहू द्यावा. नंतर धुऊन टाकावा व त्या जागेवर आणखी दोन दिवस लक्ष ठेवावे. ॲलर्जी लगेच दिसतेच असे नाही. डिंकातल्या रसायनांची ॲलर्जी पुष्कळदा ४८ ते ७२ तासांनी उठते. हळदीच्या दिवशी पट्टी लावलेल्या मुलीचे डोळे लग्नाच्या दिवशी सुजतात त्याचे कारण हेच, आणि मग बिचाऱ्या हळदीला बोल लागतो. लाली, खाज, पुरळ यांपैकी काहीही दिसले तर तो डिंक बाद. "हातावर आली, डोळ्यावर नाही येणार" असे समजू नये. हाताची कातडी जाड असते.

चाचणी ठीक निघाली की घरी, सुट्टीच्या दिवशी, तास-दोन तास पट्टी लावून पाहावी आणि काढून पाहावी. पहिल्या प्रयत्नात ती वाकडी बसणारच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात बसतो.

काही जणींनी मात्र हा नाद सोडावा. डोळे आलेले असताना, रांजणवाडी झालेली असताना, पापणीच्या कडेला कोंड्यासारखी खपली धरत असताना पट्टी लावू नये. मोतीबिंदूची किंवा चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. डोळे कोरडे पडण्याचा त्रास असलेल्यांनी, तसेच ज्यांची दृष्टी एकाच डोळ्यात शाबूत आहे अशांनी विषाची परीक्षा पाहू नये. शाळेच्या गॅदरिंगला आठ-दहा वर्षांच्या मुलींना पट्ट्या चिकटवण्याची पद्धत हल्ली पडली आहे. मुले डोळे चोळतात, आणि चोळलेल्या डोळ्यात डिंकाचे कण जातात. काजळाची रेघ पुरे आहे.

लावण्याची रीत

साहित्य थोडेच लागते : पट्टी, डिंक, लहान कात्री, बोथट टोकाचा चिमटा, कानाच्या कापसाच्या काड्या, आरसा. टोकदार चिमटा घेऊ नये. खिडकीजवळ, टेबलाशी, कोपरे टेकवून बसावे. उभ्याने आणि घाईने हे काम करू नये, आणि करत असताना लहान मूल मांडीवर नसावे.

हात साबणाने धुवावेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती आधी घालावी, कारण पट्टी लावल्यावर घालायला गेलात तर डिंक लेन्सला लागतो. पापणीवर तेल किंवा क्रीम असेल तर पुसून घ्यावे, नाहीतर पट्टी धरत नाही. डोळ्यांवरचा रंग, काजळ वगैरे आधी उरकून घ्यावे. पापणीचे केस वळवायचा चिमटा वापरायचा असेल तर तोही आताच, पट्टी लावल्यावर नाही.

पट्टी पाकिटातून ओढून काढू नये. बाहेरच्या टोकाकडून बोटाने हळूहळू सुटी करावी. डावी-उजवी ओळखावी, आखूड केसांची बाजू नाकाकडे येते. मग ती पेन्सिलीभोवती गुंडाळून दोन-चार मिनिटे धरावी, म्हणजे कडेला बाक येतो आणि टोके उचलली जात नाहीत.

आता माप. डिंक न लावता पट्टी पापणीवर ठेवून पाहावी. नाकाकडच्या कोपऱ्यापासून साधारण ४-५ मिलिमीटर जागा सोडून पट्टी सुरू व्हावी आणि आपले केस जिथे संपतात तिथे ती संपावी. जास्त असेल तेवढी बाहेरच्या बाजूने कापावी, केसांच्या दोन झुबक्यांच्या मधोमध. दुकानातली पट्टी बहुतेक भारतीय स्त्रियांच्या डोळ्यांना लांब पडते, आणि न कापता लावली की आतले टोक कोपऱ्यात टोचते. दिवसभर पाणी गळण्याचे हे एक अगदी साधे कारण आहे. डोळे तपासून दोन मिलिमीटर पट्टी कापली आणि रुग्ण हसत घरी गेली, असे व्हायला वेळ लागत नाही.

नवशिक्या हाताने पूर्ण पट्टी लावण्यापेक्षा तिचे तीन तुकडे करून लावणे सोपे जाते. पार्लरवाल्यांना हे पटत नाही, पण लहान तुकडा वाकडा बसला तर तेवढाच काढून पुन्हा लावता येतो आणि डोळ्याच्या गोलाईला तो सहज बसतो. ज्यांना फार काही नको आहे त्यांनी नुसता बाहेरचा तुकडा लावला तरी डोळे उठून दिसतात.

डिंक नळीतून सरळ पट्टीवर पिळू नये. झाकणावर थेंब काढावा आणि काडीच्या टोकाने पट्टीच्या कडेला दोऱ्याएवढी बारीक रेघ ओढावी; दोन्ही टोकांना किंचित जास्त. मग थांबावे. ही पायरी सगळ्या जणी गाळतात. ओला डिंक पापणीवर ठेवला तर तो घसरतो, डोळ्यात उतरतो आणि झोंबतो. अर्धे ते पाऊण मिनिट थांबले की तो चिकट होतो. पांढऱ्या डिंकाचा रंग पारदर्शक व्हायला लागला की वेळ झाली असे समजावे.

आरसा समोर उभा न धरता टेबलावर आडवा ठेवावा आणि डोळे न मिटता खाली आरशात पाहावे. असे केल्याने पापणी आपोआप ताणली जाते आणि केसांची मुळे दिसतात. चिमट्याने पट्टी मध्यभागी धरून आधी मधला भाग टेकवावा, मग बाहेरचे टोक, शेवटी आतले. दहा-पंधरा सेकंद काडीच्या मागच्या बाजूने हलके दाबून धरावे. नंतर आपले केस आणि पट्टीचे केस चिमटीत एकत्र धरून जुळवून घ्यावेत. पाच मिनिटे डोळे मिचकावणे, रडणे, हसणे सगळे थोडे आवरावे.

पट्टीची जागा कोणती, हे नीट समजून घेतले पाहिजे. ती केसांच्या मुळांच्या अगदी वर, बाहेरच्या कोरड्या कातडीवर बसली पाहिजे. पापणीची जी आतली ओलसर कड असते, जिथे पुष्कळ जणी काजळ भरतात, तिथे डिंक मुळीच लागता कामा नये. वरच्या पापणीच्या या कडेवर पंचवीस ते चाळीस तैलग्रंथींची बारीक तोंडे एका ओळीत असतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि अश्रू सुकू देत नाही. ही तोंडे डिंकाने बुजली की डोळा चुरचुरतो, आणि वारंवार बुजली की पापणीत गाठ धरते.

मांडवातली दक्षता

नवरीच्या बाबतीत आणखी एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. होमापुढे ती बराच वेळ बसते. धुराने डोळ्यांतून पाणी येते, पाणी आले की हात डोळ्याकडे जातो. चोळू नये, घडी घातलेल्या स्वच्छ रुमालाने खालच्या बाजूने नुसते टिपावे. पट्टीचे प्लॅस्टिक उष्णतेने वितळते, म्हणून लाह्या वाहताना ज्वाळेवर फार ओणवे होऊ नये. हीच काळजी चुलीपाशी किंवा गॅसच्या शेगडीपाशी उभ्या राहणाऱ्या घरच्या बायकांनीही घ्यावी. पाठवणीला रडू येणारच, आणि त्या वेळी पट्टीचे टोक सुटणारच. सुटलेल्या टोकाला मांडवात घाईने पुन्हा डिंक लावण्यापेक्षा दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्यात. त्या वेळी नवरीच्या पापण्यांकडे कोणाचे लक्ष नसते.

सहा-आठ तासांहून जास्त वेळ पट्टी ठेवू नये, आणि ती लावून झोपू तर नयेच. मिटलेल्या पापणीखाली डोळ्याला हवा आधीच कमी मिळते. त्यात घाम, धूळ आणि सुटलेले डिंकाचे कण रात्रभर डोळ्यावर घासत राहतात. लग्नाचा दिवस लांबतो, रात्री उशीर होतो, अंग मोडून येते. पण तोंड धुतल्याशिवाय आपण झोपत नाही ना? तसेच हे.

काढणे

आता मुख्य मुद्दा. कोरडी पट्टी नखाने धरून ओढली की तिच्याबरोबर आपले केसही उपटले जातात. एक मुलगी बहिणीच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आली होती. रात्री दोन वाजता आरसाही न पाहता तिने पट्ट्या ओढून काढल्या होत्या. उजव्या पापणीच्या मधोमध जवळजवळ बोटभर जागा मोकळी झाली होती आणि पंधरा दिवसांनी तिला पाहायला पाहुणे यायचे होते. केस पुन्हा आले, पण त्याला अडीच महिने लागले. एकदा उपटलेला केस साधारण दोन ते चार महिन्यांत पूर्ववत होतो. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा केली तर मूळच दुखावते आणि मग तिथे केस येणे कायमचे थांबू शकते.

काढताना डिंक आधी मऊ करायचा असतो. हात धुवावेत, लेन्स असेल तर ती आधी काढावी. डोळ्यांचा रंग काढायचे तेलयुक्त द्रावण बाजारात मिळते. ते नसेल तर स्वच्छ बाटलीतले खोबरेल तेल किंवा लहान मुलांचे तेल चालते. कापसाचा बोळा तेलात बुडवून पिळून घ्यावा, तेल टपकता कामा नये. डोळा मिटून बोळा पापणीच्या कडेवर ठेवावा आणि मिनिटभर नुसता धरावा. घासू नये. मग काडीला थोडे तेल लावून पट्टीच्या कडेवरून बाहेरून आत फिरवावी. बाहेरचे टोक आपोआप उचलले गेले पाहिजे. एका बोटाने पापणीची कातडी धरून, दुसऱ्या हाताने पट्टी बाहेरच्या टोकाकडून नाकाच्या दिशेने हळूहळू सोडवावी. कुठे ओढ लागली, दुखले, की तिथेच थांबून पुन्हा मिनिटभर बोळा धरावा. दोन्ही डोळ्यांना मिळून पाच-सात मिनिटे लागतात. तेलाने थोडा वेळ धूसर दिसेल, त्याची भीती नाही; मात्र लगेच स्कूटर चालवू नये.

शेवटी कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब घालून, त्यात कापूस भिजवून डोळे मिटून पापण्यांची कड पुसावी आणि साध्या पाण्याने धुवावी. डिंकाचे बारीक कण राहिले असतील तर ते नखाने खरवडू नयेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल लावावे.

पट्टी पुन्हा वापरायची असेल तर कडेवरचा डिंक चिमट्याने सोलून, साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून तिच्या डबीत ठेवावी. ओली ठेवली तर बुरशी धरते. आणि ती दुसरीला देऊ नये, सख्ख्या बहिणीलाही नाही. साडी, दागिने खुशाल द्यावेत. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची मोठी साथ आली होती हे आठवत असेलच. डोळे येण्यास बहुधा कारणीभूत असणारे विषाणू टॉवेल, काजळाची डबी अशा वस्तूंवर कित्येक दिवस जिवंत राहतात. पट्टी तर डोळ्याच्या काठावरच बसलेली असते.

त्रास झालाच तर

पापणीला नुसती खाज आणि थोडी सूज असेल तर पट्टी काढून, पापणी स्वच्छ करून, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. डिंक डोळ्यात गेला तर नळाखाली किंवा स्वच्छ तांब्याने दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडत राहावे. झटपट डिंकाने पापण्या एकमेकींना चिकटल्या तर त्या जोर लावून उघडू नयेत, कात्री तर नकोच. कोमट पाण्याची घडी ठेवून लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. डोळा दुखणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे, पिवळा चिकट स्राव येणे, डोळ्यात खडा असल्यासारखे सतत टोचणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी दाखवावे. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर जखम होऊन ती चिघळली तर फूल पडते आणि दृष्टी जाते. हा धोका टाळायला एका दिवसाची रजा काढावी लागली तरी काढावी.

मध, गुलाबपाणी, दूध डोळ्यात घालू नये. त्याहूनही वाईट म्हणजे औषधाच्या दुकानातून "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणून आणलेले थेंब. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. लाली लगेच उतरते, माणूस खूश होतो आणि आतली जखम, विशेषतः बुरशीची, बिनबोभाट वाढत राहते.

लोहचुंबकाच्या पट्ट्या निघाल्या आहेत, त्यांना डिंक लागत नाही. पण त्यासाठी डोळ्यावर लोहाचे कण असलेली काजळासारखी रेघ ओढावी लागते, तिचीही ॲलर्जी होऊ शकते. एम.आर.आय. तपासणीच्या आधी ही पट्टी आणि ती रेघ दोन्ही काढलीच पाहिजेत. पार्लरमध्ये एकेक केस चिकटवून दोन-तीन आठवडे टिकणाऱ्या पापण्या करतात, तो प्रकार घरी करण्याचा नाही. त्याचा डिंक त्या झटपट जातीचाच असतो. जपानमधील नेत्रतज्ज्ञांनी २०१२ साली अशा पापण्यांमुळे डोळे बिघडलेल्या १०७ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांतील बहुतेकींना डोळ्याच्या पडद्याचा दाह किंवा पापणीची ॲलर्जी झाली होती. आणि केस रंगवायची काळी मेंदी पापणीच्या केसांना लावू नये. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत तशाच रसायनाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांना अंधत्व आल्याच्या घटना घडल्या होत्या, आणि १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनांना कायद्याच्या कक्षेत आणण्यामागे त्याही होत्या.

शेवटी एका वेगळ्या प्रश्नाविषयी. कर्करोगाच्या औषधोपचारात ज्यांचे पापण्यांचे केस गळतात, अशा भगिनी संकोचाने विचारतात की आम्ही पट्टी लावली तर चालेल का? त्यांना ही नुसती हौस नसते. केसांशिवाय आरशातला चेहरा परका वाटतो, आणि धूळ-घाम सरळ डोळ्यात जातो तो वेगळाच. चालते, पण आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारून, कारण उपचाराच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असतात आणि साधा जंतूही महागात पडतो. स्वतःचे केस नसल्याने पट्टीला आधार मिळत नाही, तेव्हा हलकी, मऊ कडेची पट्टी घ्यावी. डिंक लॅटेक्सविरहित असावा, चाचणी पूर्वी झाली असली तरी पुन्हा करावी, आणि पट्टी दोन-तीन तासच ठेवावी. एरवी पापणीवर काजळाच्या पेन्सिलीने ठिपक्या-ठिपक्यांची रेघ ओढली तरी केस असल्याचा भास होतो. बाहेर जाताना साध्या काचेचा चष्मा लावावा. केस वाढवायचे म्हणून काचबिंदूच्या औषधाच्या जातीचे थेंब मिळतात, ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नयेत. त्यांनी पापणीची कातडी काळवंडते आणि डोळे लाल होतात. औषधोपचार संपल्यावर काही महिन्यांत पापण्यांचे केस बहुधा परत येतात. सुरुवातीला ते विरळ आणि आखूड असतात, एकदा येऊन पुन्हा गळतातही. घाबरू नये, ते पुन्हा येतात.